कोरी ठेवलेली जागा

आमच्या मागच्या खोलीत एक सर्व्हर आहे. त्याच्यावर बऱ्याच जणांच्या वेबसाइट एकत्र नांदतात: दातांचे डॉक्टर, मोटार शिकवणारे, एक शाळा. मशीन एकच. येणारा ज्या नावाने हाक मारेल ती साइट मशीन पुढे करतं. नाव ओळखीचं नसेल, तर रांगेतली पहिली. पहिली माझ्या बायकोची होती. ती लहान मुलांचे स्वेटर विणून विकायची.

ती गेल्यावर आमची ठमी दिवसभर आईची साइट उघडून बसायला लागली. धड जेवण नाही, शाळा नाही. ताई म्हणाली, "अरे, बंद कर ते. पोरगी हातची जाईल." मला पटलं. साइट पुसली. पुसताना रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. फक्त पहिली जागा दुसऱ्या कुणाला द्यायला मन धजेना. ती मी कोरीच ठेवली.

काही दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. "अहो, माझ्या साइटवर ही लोकर कसली?"

पाहिलं. कवळीच्या फोटोच्या जागी टेबलावर पिवळं विणकाम होतं, सुया तशाच खोचलेल्या. टेबल आमचं होतं. सर्व्हरवर तो फोटो कुठेच सापडला नाही. एखादा जुना फोटो कुठेतरी साठून राहिला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि चहा टाकला.

मग शाळेच्या साइटवर तोच स्वेटर दिसला. पाठ पुरी झाली होती. मोटारवाल्यांच्या साइटवर त्याला एक बाही आली. खाली बायको द्यायची तशी मापं दिली होती. मी टेप घेऊन ठमीला मापलं. आई गेल्यापासून पोरगी चांगलीच उंच झाली होती, तरी माप तंतोतंत जुळलं.

तेव्हा मात्र भीती वाटली. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी वाटलं.

भर दुपारी सर्व्हरची वायर उपटली. त्याचे पंखे थांबले. सगळ्यांच्या साइट एकदम गेल्या. ओरडू देत लोक.

खात्री करायला फोनवर मनाला येईल ते अनोळखी नाव टाकलं.

कोऱ्या ठेवलेल्या जागेचं पान उघडलं. दुसरी बाहीही झाली होती. खाली लिहिलं होतं, 'तयार.'

"ठमे!"

ती स्वयंपाकघरात उभी होती. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले.

"काय करतेयस गं?"

"थांब ना बाबा, डोकं अडकलंय."

तिच्या अंगात साधा फ्रॉक होता. तोंडावर काही नव्हतं. आवाज मात्र लोकरीच्या आतून यावा तसा दबका येत होता.