लिंबाच्या पानातलं भुयार

"खोटं! साफ खोटं!" पेन्सिल ओरडली. "पानांमुळे कुणी इतकं आजारी पडतं का?"

पेन्सिल म्हणजे वसाहतीतली सगळ्यात किडकिडीत मुलगी. तिचा धाकटा भाऊ छोटू कालपासून दवाखान्यात होता. लिंबाच्या झुडपांच्या कुंपणापाशी खेळून आला तो लाळ गाळतच! छातीत घरघर, हातपाय लटपटत. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, "कुंपणावर काय फवारलंय? नाव कळलं तर इलाज नेमका करता येईल." आणि वसाहतीचे अध्यक्षकाका छातीठोकपणे सांगत होते, "साबणाचं पाणी हो! त्या पानांनाच रोग लागलाय, पोराने हात लावला असणार."

कुंपणापाशी उभ्या असलेल्या तिच्या मित्राने, ढापण्याने, चष्मा सारखा केला आणि एक पान उजेडात धरलं. सुट्टी लागल्यापासून हा पठ्ठ्या झुडपांची पानं बरणीत गोळा करत होता, आणि सगळे त्याला हसत होते.

"हे बघ भुयार! पानाच्या पापुद्र्याखाली अळी खात खात जाते. आधी दोऱ्याएवढं, मग रुंद. मधली काळी रेघ म्हणजे तिची शी!"

"ईऽऽ! पुढे बोल."

"लिंबाचं पान, नागमोडी चंदेरी भुयार आणि शेवटी दुमडलेल्या कडेत कोश. म्हणजे हा लिंबाची पानं पोखरणारा पतंगच. बरणीत बघ, बाहेर आलाय."

तांदळाच्या कणीएवढा रुपेरी पतंग काचेवर बसला होता. हा कुणाचं काय वाकडं करणार?

"मग छोटूला काय झालं?" पेन्सिलला रडूच फुटलं.

ढापण्याने कुंपणाच्या बुडाशी बोट दाखवलं. तिथे चिमण्या मरून पडल्या होत्या.

"साबणाच्या पाण्याने चिमण्या मरतात?" पेन्सिल पुटपुटली.

दोघं थेट फवारणीवाल्याच्या खोलीवर गेली. सरळ विचारलं असतं तर त्याने हाकलूनच दिलं असतं.

"काका, ती अळी पापुद्र्याखाली मजेत आहे," ढापण्या साळसूदपणे म्हणाला. "सगळे म्हणतात, तुमचं औषध म्हणजे नुसतं पाणी!"

"पाणी?" फवारणीवाला भडकला. त्याने पोत्यामागून डबा ओढला. "हे बघ! शेतातलं जालीम औषध, तेही दुप्पट! अध्यक्षांनी स्वतः आणून दिलंय. म्हणे पाणी!"

पेन्सिलने डब्यावरचं नाव वाचलं. परत वाचलं.

"ए पोरी, कुणाला बोलू नकोस हं! अध्यक्षांनी बजावलंय!"

पण ती केव्हाच फाटकाबाहेर पडली होती. धाप लागली, चप्पल तुटली, तरी ते नाव घोकत ती दवाखान्यापर्यंत धावली.

नाव ऐकताच डॉक्टरांचा चेहरा उतरला. "हाच संशय होता!" त्यांनी नर्सला हाक मारली आणि सुईतलं औषध वाढवलं. ती रात्र फार वाईट गेली. सकाळी छोटूने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आई तोंडात पदर धरून रडली.

"वाचवलंत रे त्याला," डॉक्टर दोघांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "पान वाचता येणारी पोरं आहात तुम्ही!"

तेवढ्यात अध्यक्षकाका दारात आले. "शाबास! आमच्या वसाहतीची पोरं म्हणजे..."

"त्यांना शाबासकी द्यायला डॉक्टर आहेत," छोटूचे बाबा म्हणाले. "तुम्ही आत या, आणि माझ्या मुलाला सांगा काय फवारलं होतंत ते."

अध्यक्षकाका खाली मान घालून आत गेले.