नववा स्तंभ

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या हिमकूप तळावर चार दिवस हवादाब सारखा उतरत होता. तळप्रमुख ऊर्मिला केंजळे भिंतीचा एकेक सांधा हाताने चाचपून परत आली, तेव्हा तिचा एकमेव सहकारी इस्माईल शिकलगार दिव्यांच्या पट्ट्या उसवत बसला होता.

"हवा सुटतेय, आणि तुला रोषणाई सुचतेय?"

"ताई, हा नववा स्तंभ विझतच नाही," तो म्हणाला.

नादपट त्याने रिकाम्या वेळात स्वतःच बनवला होता. एक माइक, एक मायक्रोकंट्रोलर आणि एलईडींचे बारा उभे स्तंभ. माइकने टिपलेल्या आवाजातून मायक्रोकंट्रोलर एकेक सूर वेगळा काढायचा. जाड सुराला पहिला स्तंभ पेटायचा, जसजसा सूर बारीक होईल तसतसा पुढचा; आवाज जितका मोठा, तितका स्तंभ उंच चढायचा. इस्माईल मिरजेच्या सतारी घडवणाऱ्या घरातला. त्याला सूर डोळ्यांनीही पाहायचा होता. पण चार दिवस गाणं बंद असतानाही नववा स्तंभ लुकलुकत होता.

"विजेतला गोंगाट असेल म्हणून वेगळी बॅटरी लावली. तारांना पुन्हा डाख दिला. माइक बदलला. तरी तेच. शेवटी माइकच्या भोकावर मेण दाबलं, आणि स्तंभ विझला. म्हणजे आवाज खरा आहे."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"तीच तर गोम आहे. नववा स्तंभ म्हणजे सेकंदाला नऊ हजार कंपनं. एवढी शिट्टी कानाला टोचायला हवी." इस्माईल तिच्याकडे वळला. "मायक्रोकंट्रोलर आवाज सलग ऐकत नाही, ताई. सेकंदाला वीस हजार वेळा नमुना घेतो. दहा हजार कंपनांपर्यंत त्याला नीट मोजता येतं. त्याहून जलद काही आलं की मधले हेलकावे निसटतात आणि ते संथ भासतं. सिनेमात धावत्या गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसं. एकतीस हजारांची शिट्टीही त्याला नऊ हजारांचीच वाटेल. आणि तेवढा बारीक आवाज माणसाच्या कानाला कळतच नाही."

ऊर्मिला हळूच खाली बसली. गळतीशोधक यंत्र पहिल्याच दिवशी बंद पडलं होतं. "बारीक भेगेतून सुटणारी हवा..."

"शिट्टीच घालते."

ते नादपट उचलून तळभर फिरले. तळ म्हणजे धातूची लांब नळी. शिट्टी सगळीकडे घुमत होती. पाण्याच्या टाकीमागे मात्र नववा स्तंभ थेट टोकापर्यंत चढला. तिथे जोडात केसाएवढी भेग होती. खात्रीसाठी इस्माईलने नमुनावेग चोवीस हजारांवर नेला. पेटलेला स्तंभ नवव्यावरून सातव्यावर सरकला. भेगेच्या तोंडाशी शिट्टी इतकी तीव्र होती, की बाकीचे स्तंभ तिच्यापुढे दबून गेले होते.

"खरा नऊ हजारांचा सूर जागचा हलला नसता. म्हणजे हा एकतीस हजारच," तो म्हणाला आणि वेग पुन्हा वीस हजारांवर आणून ठेवला.

सांधलेपाच्या तीन नळ्या होत्या. ऊर्मिलाने एक वापरून भेग बुजवली. दाब उतरण्याचा वेग मंदावला, पण थांबला नाही. राखीव हवा दोन दिवसांची उरली होती. आणि नववा स्तंभ अजून पेटलेला होता, मंद.

"माझा लेप धरत नाहीये," ती म्हणाली. तिने दुसरी नळी रिकामी केली. मग तिसरी. बोटांची सालटी निघाली. नववा स्तंभ तसाच. ती टाकीला टेकून बसली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा रडली.

इस्माईलला काय करावं सुचेना. काहीतरी करायचं म्हणून त्याने नमुनावेग पुन्हा चोवीस हजार केला. सातवा स्तंभ काळाच राहिला. पाचवा पेटला.

त्याने कागदावर आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली.

"ताई, ही एकोणतीस हजारांची शिट्टी आहे. वीस हजारांच्या वेगाला एकोणतीस आणि एकतीस, दोन्ही नऊच दिसतात. भेगा दोन होत्या." त्याने कागद तिच्यापुढे धरला. "तुमचा पहिलाच लेप पक्का बसला होता."

ऊर्मिलाने हातातल्या रिकाम्या नळीकडे पाहिलं.

दुसरी भेग संपर्क कक्षात निघाली, ॲन्टेनाची तार भिंतीबाहेर जाते तिथे. मेण लावलं, ते थंडीने तडकलं. चिकटपट्टी टिकली नाही. आता एकच उपाय होता: कक्षाचं जाड दार बंद करायचं आणि आतली हवा जाऊ द्यायची. मग ते दार उघडता येणार नव्हतं. निरोप पाठवणारा प्रक्षेपक आत भिंतीतच बसवलेला, आणि गळती कळवल्यावर ठरलेलं सुटकेचं यान यायला आठ दिवस होते. नियम असा होता, की दोन दिवस तळावरून निरोप आला नाही, तर यान सोडायचं नाही. मेलेल्यांसाठी वैमानिकाचा जीव कोण धोक्यात घालणार?

ऊर्मिलाने पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षाला हाक दिली. तिथे निकमबाई होत्या.

"बाई, हा शेवटचा निरोप. दार लावलं की आमचा आवाज बंद. पण आम्ही जिवंत असू. लिहून घ्या."

अडीच सेकंदांनी उत्तर आलं. "लिहून घेतलं. पण समितीला रोजचा पुरावा लागतो, ऊर्मिला. मी काय दाखवू?"

"आमच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही."

या वेळी अडीच सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ गेला.

"दार लावा," निकमबाई म्हणाल्या.

दोघांनी मिळून चाक फिरवलं. तासाभराने दाबमापकाचा काटा थांबला. हवा आता पुरणार होती. कशासाठी, ते माहीत नव्हतं. पहिले दोन दिवस ऊर्मिला निरोपाविना गेलेले तास मोजत राहिली. तिसऱ्या दिवशी मोजणं सोडून दिलं. इस्माईल जेवण तापवायचा आणि दोघंही ते तसंच ठेवून द्यायची.

आठव्या दिवशी जमीन हादरली.

आत आलेल्या तरुण वैमानिकाने शिरस्त्राण काढलं, दोघांचे खोल गेलेले डोळे पाहिले आणि तो वैतागून म्हणाला, "अहो, रोज नुसतं 'ठीक आहोत' एवढंच काय कळवत होतात? नीट सांगितलं असतंत तर डॉक्टर बरोबर आणला असता!"

इस्माईलने चमकून ऊर्मिलाकडे पाहिलं. तिला निकमबाईंचं उशिराने आलेलं 'दार लावा' आठवलं.

"बॅटरी वाचवत होतो," ती म्हणाली.