ओझं पेललेली माती

वैजनाथ कुलकर्णींच्या लेखी जगात दोनच जाती होत्या: माती कळणारे, म्हणजे ते स्वतः, आणि उरलेले गाढव. गारखेड्यातल्या रिकाम्या प्लॉटवर सातमजली इमारत उठणार होती. तिच्या वजनाचा हिशेब त्यांनीच मांडलेला, मातीची तपासणी त्यांच्याच प्रयोगशाळेत, आणि चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांच्या लेकीचा, स्वरालीचा.

दुष्काळ होता. काळ्या जमिनीला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या.

मातीची एक खोड असते. आजवर पेललेलं सगळ्यात जड ओझं ती विसरत नाही. यंत्रात दाबत गेलं की त्या ओझ्यापर्यंत ती जेमतेम हलते आणि ते ओलांडलं की भसकन बसते.

"सर, हिनं चौरस मीटरला साडेनऊ टन पेललेत आधी," सहायक सई म्हणाली.

"वाळली की माती आवळते, ओझं पेलल्यासारखी. कॉलेजात काय भजी तळत होतात?"

त्यांनी खोलवरची ओली माती काढवली. तोच आकडा. स्वतः तपासली. तोच.

जमिनीचा जुना मालक पुंजाराम प्लॉटवरच भेटला. त्याला त्यांनी विचारलं, "इथं आधी काय होतं?"

"काय असनार? ज्वारी. आज्यापासून साधं खोपटबी नाय इथं."

"अडाणी," वैजनाथ पुटपुटले. मग स्वतःचा हिशेब उघडला. सात मजले, सामान, माणसं, गच्चीवरची भरलेली टाकी: साडेनऊ.

ते घाबरले, आणि घाबरल्याचाच त्यांना संताप आला. योगायोग! एकदा पेललंय, तर पुन्हा पेलेल. त्यांनी ठणठणीत अहवाल देऊन टाकला. शेवटचा नमुना मात्र तेवढ्याच वजनाखाली यंत्रात ठेवला.

"राहू दे. बघू किती हट्टी आहे ती."

इमारत उभी राहिली, दुष्काळ हटला नाही. बिल्डरनं सगळ्या घरांची वास्तुशांत एकाच मुहूर्तावर ठेवली. वैजनाथ प्रयोगशाळेतच बसले. भटजींचा धूर खायला कोण जातो? जेवायच्या वेळेला गेलं की झालं.

स्वरालीचा फोन आला. मागं मंत्र चालले होते.

"बाबा, निघालात का? सातही मजले पाहुण्यांनी गच्च भरलेत. आणि टँकर आलेत! गच्चीवरची टाकी पहिल्यांदाच भरतेय."

वैजनाथ ताडकन उठले.

"स्वराली, खाली ये. सगळ्यांना घेऊन ये. आत्ता."

"अहो बाबा, होम चाललाय!" ती हसली. "ही बघा, टाकी वाहायलाच लागली."

"सर," सईनं हाक मारली. "काटा."

कोपऱ्यातल्या यंत्राचा काटा इमारत बांधून झाली तरी तसूभर हलला नव्हता. आता तो उलटा फिरत होता. माती फुगून वर येत होती.

वरचं ओझं निघून गेलं, तरच ती अशी वर येते.

यंत्रावरची वजनं जागच्या जागी होती.

"स्वराली?"

फोन कटला नव्हता. मंत्र ऐकू येत नव्हते.