हेडमास्तरांचा दुसरा डोळा

बसा. घड्याळ अर्ध्या तासात देतो म्हणालोय, तर अर्ध्या तासात देणारच. हसताय? सगळे घड्याळवाले असंच म्हणतात, हे मलाही माहीत आहे. मीही त्यातलाच होतो. फक्त त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर नको, इकडे दिव्याजवळ या. हात चालू राहील आणि तोंडही.

माझ्या थोरल्या भावाने एक सरडा पाळला होता. रंग बदलणारा, वीतभर लांब, दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा. एक डोळा फळ्यावर आणि एक मागच्या बाकावर, म्हणून पुतणीने त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं. जाळीच्या उंच पिंजऱ्यात झाड, वर ऊब देणारा दिवा, पानांवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. आणि खायला जिवंत रातकिडे. ते आणायचे कुणी? मी. दादाला हौस आणि मला हमाली, हे आमच्यात लहानपणापासून ठरलेलं.

त्या दुपारी दादाचा फोन आला. "रातकिडे संपलेत रे. डबा घेऊन येतोस का? मला जरा बरं वाटत नाहीये."

हे 'बरं वाटत नाहीये' मी शंभरदा ऐकलं होतं. "आलोच अर्ध्या तासात," म्हणालो आणि समोरचं घड्याळ उघडलं. ते झाल्यावर दुसरं उघडलं. वहिनी आणि पोरगी लग्नाला गेल्या होत्या, घरी तो एकटाच होता. मला आला होता राग. बस म्हटलं वाट बघत.

डबा घेऊन गेलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

तो पिंजऱ्याशेजारच्या खुर्चीत बसलेला होता. पिंजऱ्याचं दार उघडं आणि हेडमास्तर त्याच्या मनगटावर. कालपासून तिथेच असावा. दादाची नजर दाराकडे होती. सरड्याचा एक डोळा दादाच्या चेहऱ्यावर होता, दुसरा माझ्यावर.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनी पोरीला घेऊन माहेरी गेली. नऊ वर्षांची पोर, बाप गेल्यापासून धड रडली नव्हती, धड जेवत नव्हती. दिवसातून एकदा मला फोन करायची आणि एकच विचारायची, "काका, त्याने खाल्लं का?" वहिनी मागून हळूच म्हणायची, "भावजी, निदान तो तरी टिकवा. हाही गेला तर ही हातची जाईल माझ्या."

आणि हेडमास्तर खात नव्हता.

मी रोज दुपारी दुकान बंद करून दादाच्या घरी जायचो. खोलीत ओल्या पानांचा आणि गरम धुळीचा वास. डब्यात रातकिड्यांची किरकिर. माझ्या कामाच्या चिमट्यात किडा धरून मी त्याच्या तोंडापुढे न्यायचो. डावखुरा हात माझा, तुम्ही बघताच आहात, केसाइतकाही हलत नाही. तो बघायचा, पण एकाच डोळ्याने. दुसरा डोळा त्या रिकाम्या खुर्चीवर. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. फवारा मारून झाला, दिवा बदलून झाला, लाडीगोडी झाली, शिव्या झाल्या. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि रंग जळक्या लाकडासारखा झाला. पोरीशी मी खोटं बोलायला लागलो. "आज एक खाल्ला," म्हणायचो. ती विचारायची, "कुठल्या बाजूने चावला?" मी फोन ठेवून द्यायचो.

प्राण्यांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी त्याला उचललं, तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं. "आजार काही नाही," म्हणाले. "पण याला जीभ टाकायची तर दोन्ही डोळे किड्यावर जुळावे लागतात. एका डोळ्याने अंतर कळत नाही. हा दुसरा डोळा काढतच नाहीये तिकडून."

"कुठून?"

ते खुर्चीकडे बघत होते. "इथे आणखी कोण असतं?"

"कोणी नाही."

"मग ती खुर्ची हलवा," ते म्हणाले. फी न घेताच गेले.

मी खुर्ची बाहेर गॅलरीत ठेवली. दुसऱ्या दिवशी डोळा गॅलरीच्या दारावर. खुर्ची खाली वॉचमनला देऊन टाकली. तिसऱ्या दिवशी डोळा परत जुन्या जागी, खुर्ची असायची तिथे. पण जरा वर. बसलेल्या माणसाऐवजी उभ्या माणसाकडे बघावं, तेवढा वर.

सतराव्या दिवशी तो फांदीवरून खाली आला आणि तळाच्या मातीत पडून राहिला. त्याच वेळी फोन वाजला. पोरगी म्हणाली, "काका, आम्ही रविवारी येतोय. त्याला सांग." शुक्रवार होता.

मग मात्र माझा तोल सुटला. हातात चिमटा, चिमट्यात किडा, आणि मी रिकाम्या जागेकडे बघून ओरडायला लागलो. "अरे, मेल्यावर तरी सोड ना मला! जन्मभर तुझी कामं केली. खाऊ दे त्याला! तुझ्याच पोरीसाठी करतोय मी हे... हो, नाही आलो मी त्या दिवशी. मुद्दाम नाही आलो. आलोच म्हणालो आणि दुकानात बसून राहिलो. आणि तू इथे... माझी वाट बघत... ऐकायचं होतं ना? ऐकलंस?"

रातकिडे गप्प झाले. डब्यातले सगळे, एकदम.

पिंजऱ्यात हेडमास्तरचा तो डोळा हलला. सतरा दिवसांत पहिल्यांदा. जागा सोडून तो हळूहळू सरकायला लागला... थोडा थांबला... परत सरकला. कुणी चालत यावं आणि त्याला बघत राहावं, तसा. टेबलापाशी आला. माझ्या पाठीपाशी आला. मला वळून बघायचं होतं, मान वळेना.

मग माझं मनगट कुणीतरी धरलं.

लहानपणी रस्ता ओलांडताना दादा माझा हात धरायचा नाही, मनगट धरायचा. हात घामाने निसटतो, म्हणायचा. तीच पकड, तसाच अंगठा आत वळवलेला. फक्त गरम, पिंजऱ्यावरच्या दिव्याखाली हात ठेवावा इतकी. त्या पकडीने माझा हात दोन बोटं खाली नेला, किंचित डावीकडे. डोळा चिमट्याच्या टोकावर आला. दुसराही आला. दोन्ही जुळले.

जीभ कधी सुटली ते दिसलंच नाही. चिमटा रिकामा होता आणि तो चावत होता, डाव्या बाजूने. मी खाली बसून ढसाढसा रडलो. त्या दिवशी त्याने पाच किडे खाल्ले.

रविवारी पोरगी आली. हेडमास्तर फांदीवर, हिरवागार. तिच्या बोटांतून त्याने किडा घेतला, दोन्ही डोळे जुळवून. मग ती आईच्या कुशीत शिरली आणि इतक्या दिवसांचं रडून घेतलं. वहिनी मला म्हणाली, "भावजी, उपकार झाले." खुर्चीच्या जागेकडे तो आता बघतही नव्हता. मला वाटलं, सुटलो. दादाही सुटला.

चपला घालून दारात वळलो आणि पोरीला हात केला. तिच्या मनगटावर बसून हेडमास्तर माझ्याकडेच बघत होता. एका डोळ्याने. दुसरा डोळा माझ्या डाव्या खांद्यामागे होता. मी जिन्याकडे निघालो, तसे दोन्ही डोळे दाराकडे फिरले. एक माझ्यासोबत, दुसरा अर्ध्या पावलाने मागून.

खोलीत त्यानंतर काहीच झालं नाही. वहिनी निवांत आहे, पोरगी जेवते, हेडमास्तर लठ्ठ झालाय. तिकडे सगळं ठीक आहे.

फक्त इथे दुकानात मी गिऱ्हाइकाला वेळ सांगितली, की ते कोपऱ्यातलं स्टूल जरासं करकरतं. आणि वेळ टळत आली, की...

हे घ्या, झालं तुमचं घड्याळ. किती मिनिटं झाली? एकतीस?

बघा ना जरा, तुम्हीच हात लावून बघा माझ्या मनगटाला, गरम लागतंय का. नाही, हे नाही. डावं.