तेवीस भागिले दोन

लेकीला भागाकार येतो, पण बाकी काढायची म्हटलं की हातपाय गाळते. म्हणून त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तिला आमच्याच वर्गाचं उदाहरण घातलं. मी मुलांना पोहायला शिकवते, आणि लेकही माझ्याच वर्गात आहे.

"तेवीस मुलं, दोघादोघांच्या जोड्या. सांग."

"अकरा जोड्या. बाकी एक." मग पेन्सिल चावत म्हणाली, "बाकी म्हणजे मी."

तिची मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे दुसरीकडे गेली, तेव्हापासून वर्ग विषम झाला होता आणि दर वेळी उरायची ती हीच. मास्तरणीच्या पोरीशी कोण जोडी करणार? चहाडी करेल म्हणून सगळे चार हात लांब. एका जोडीतल्या दोघींना म्हटलं, हिला तुमच्यात घ्या, तर त्यांनी अशी तोंडं वाकडी केली की मीच तो विषय सोडला. पोरांनी तिचं नावच 'बाकी' पाडलं होतं.

जोड्यांचं कारण सांगते. पाण्यात उड्या मारणारी तेवीस डोकी मोजत बसलं, तर मोजून होईपर्यंत एखादं तळाला जाईल. म्हणून शिट्टी वाजली की प्रत्येकानं जोडीदाराचा हात धरून वर करायचा. सगळ्यांच्या टोप्या निळ्या, त्यात पाणी उडत असतं, चेहरे कुणाला दिसतात? मी फक्त एकटा हात शोधते. आमच्याकडे एकटा हात लेकीचा असायचा, तो मी काठावरून वाकून धरायची.

गुरुवारी शिट्टी वाजवली. हात वर झाले. एकटा कुठेच नव्हता.

"शाब्बास! चला, पुढची फेरी," मी म्हणाले.

आमचे जीवरक्षक काका उंच खुर्चीवर बसलेले असतात आणि बोलण्यात महाकंजूष आहेत. ते वरून म्हणाले, "मॅडम, आज तुमची लेक कुणाबरोबर?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हजेरी मीच घेतली होती, तेवीस. मी पुन्हा शिट्टी वाजवली आणि या वेळी जोड्या मोजल्या. बारा भरल्या. लेकीचा हात पलीकडे, खोल पाण्याच्या हद्दीवरच्या दोराजवळ वर होता, दुसऱ्या एका हातात घट्ट गुंफलेला. त्या हाताखाली निळी टोपी होती की नुसतं निळं पाणी, ते लांबून कळेना.

"सगळे बाहेर या! आत्ताच्या आत्ता!"

मुलं काठावर कुडकुडत उभी राहिली. जोड्या लावल्या. अकरा लागल्या, आणि लेक एकटी उरली.

"कुणाचा हात धरला होतास गं?"

"तिचा."

"तिचा म्हणजे कुणाचा?"

"असं काय करतेस आई, तूच तर आम्हाला मोजलंस." आणि ती हसली. किती दिवसांनी हसली होती पोर!

मी भुताखेतांच्या नादी लागणारी बाई नाही. वर्ग सुटल्यावर काकांना म्हटलं, "मोजण्यात चूक झाली आपली."

"दोघांची? एकदमच?" असं म्हणून ते टॉवेल गोळा करायला लागले.

पुढच्या वर्गाला मी जोड्या लावल्याच नाहीत. उथळ पाण्यात पाच-पाच जणांचे गट करायला लावले. तेवीसला पाचानं भागलं तर चार गट होतात, बाकी तीन. जोडीत नजर फसेल, पण तिघांत कशी फसेल? उरलेल्यांनी एकेक हात वर करा, असं बजावून सांगितलं.

चार घोळके झाले. उरलेल्यांचे हात वर आले. काका खुर्चीवरून उतरून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"किती दिसतात?" मी विचारलं.

"आधी तुम्ही सांगा."

"चार."

त्यांनी मान डोलावली. बाहेर काढल्यावर उरलेले तीनच निघाले. त्या तिघांत लेक होती.

मला खरंच भीती वाटली. घरी येऊन मी तिला सांगून टाकलं, "शनिवारी तू पाण्यात उतरायचं नाहीस. नंतरचं नंतर बघू."

तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. "मग ती एकटी पडेल!"

"पडू दे!"

"तुला काय कळतंय एकटं पडणं?" ती म्हणाली.

शनिवारी तिला काठापासून लांब, भिंतीला लागून खुर्चीवर बसवलं. अंगात घरचा फ्रॉक, पायांत सँडल. पाण्यात बावीस मुलं होती. बावीस भागिले दोन, अकरा, बाकी शून्य. हे मी पुटपुटले आणि शिट्टी ओठांत धरली.

वाजवली.

हात वर झाले. अकरा जोड्या. पुन्हा मोजल्या, अकराच.

"अकरा!" काकांनीही वरून ओरडून सांगितलं.

एकटा हात नव्हता. जादा हात नव्हता. मी श्वास सोडला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे सैल पडले.

"आई, आम्हाला मोजायचं राहिलं."

मी मागे वळले.

लेक खुर्चीवरच होती. फ्रॉक कोरडा, केस कोरडे. उजवा हात वर धरलेला. त्याच्या मनगटावरून कोपराकडे पाण्याचे ओघळ येत होते, आणि बोटं तासभर पोहल्यासारखी सुरकुतली होती.

मी धावत जाऊन तो हात पकडला, खाली ओढला, तिच्या बोटांत माझी बोटं घालायला गेले.

शिरेनात. जागाच नव्हती.