गेरूचा पट्टा

उत्तमरावाचं लग्न होऊन गयाबाई घरात आली, ते साल अठ्ठ्याहत्तर. नवरीच्या अंगावरची हळद पुरती उतरली नव्हती, तोच त्याची वहिनी शकुबाई डोंगरउतारावर गेली आणि कापलेल्या खोडाला मिठी मारून मटकन खाली बसली.

शेंद्री पडली होती...

उटनूरच्या वरच्या अंगाला त्यांची पिढीजात आमराई. कलमाचं एक झाड नाही. सगळे डोंगरी रायवळ आंबे, प्रत्येकाला नाव, खांद्याशी शेंदरी आंबे देणारी ती शेंद्री, प्रत्येकाची चव न्यारी, आणि कोयीपासून झाड, झाडापासून कोय, असं पणजोबांपासून चालत आलेलं. नवरा गेला तेव्हा शकुबाई ऐन विशीत होती आणि दीर उत्तम तिच्या पदराला धरून चालणारा. माहेरचे दुसरा पाट लावून द्यायला आले, तर तिनं त्यांना विचारलं, या पोराला आणि या झाडांना कोण पाहील? उभं आयुष्य तिथंच वेचलं...

नवराबायकोच्या नव्या खोलीला लाकूड हवं होतं. शेंद्रीशेजारची दोन वांझ झाडं तोडायचं ठरलं. शेंद्रीला धक्का लागू नये म्हणून शकुबाईनं, सासूची रीत होती तसा, तिच्या बुंध्याला गेरूचा पट्टा ओढला. आणि लाकूडतोड्यांनी वांझ झाडं उभी ठेवून नेमकी शेंद्रीच आडवी केली.

उत्तमराव बाजाराहून आला, पाहून दगडासारखा उभा राहिला, आणि एक शब्द बोलला नाही. त्या मुकेपणाचा अर्थ शकुबाईनं एकच लावला. बायको आली, आता वहिनी जड झाली, म्हणून यानंच शेंद्री तोडवली! ती बोचकं उचलून उतारावरच्या खोपटात राहायला गेली. पण जीव थाऱ्यावर कुठला? उठे, खोडापाशी जाई, परत येई, चूल पेटवी, विझवी... घरात आढी होती; शेंद्रीचे शेवटचे आंबे गवताच्या थरांत पिकत होते. कोयी ओल्या असतानाच पुरल्या नाहीत, तर शेंद्रीचा वंश बुडणार. पण ज्या हातानं आढी घातली त्याच हातानं ती मोडायची, ही त्या घरची रीत, आणि तो हात रुसून बसला होता.

एका सकाळी गयाबाई धापा टाकत चढून आली.

"जाऊबाई, आढीचा वास ओसरीवर येऊन राह्यला. हे कोनाले हात लावू देत नाईत. जेवत बी नाईत."

"त्याले काय! शेंद्री तोडून मोकळा झाला."

"त्यायनं नाई तोडायला लावली वो. कुऱ्हाड राह्यली म्हनून ते लाकूडवाले काल आलते. तेच म्हने, मालकानं सांगतलं, पट्टा देख के काटना."

शकुबाईच्या ध्यानात आलं. पट्टा बघा, तेवढं झाड जपा, असं त्याला म्हणायचं होतं. आणि परमुलखाच्या त्या माणसांना पट्टा म्हणजे तोडायची खूण...

ती अनवाणीच घरी आली. उत्तमराव आढीच्या खोलीच्या दारात पाठमोरा बसला होता.

"काऊन नाई सांगतलं रे मले?"

"सांगून शेंद्री उभी रायली असती का, वैनी?"

तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं, लहानपणी धरायची तसं. मग डोळे पुसून तिनं आढी मोडली. काही आंबे नासले होते, काही तरले होते. ओल्या कोयी दोघांनी त्याच दिवशी उतारावर पुरल्या.

वर्षं गेली. एका रोपाच्या पहिल्या आंब्यांचा खांदा शेंदरी उतरला. शकुबाईनं त्यांची आढी घातली, पण ती पिकलेली तिनं पाहिली नाही. ती मोडायची उत्तमरावाची छाती झाली नाही. त्यानं ती गवतासकट उचलून उतारावर पुरली.

शकुबाई एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या ज्येष्ठात वारली.