वाटीखालची दोरी

ऑपरेशन लांबवण्यात फरशीवाल्याचा फायदा एकच होता. तोटे डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितले होते: गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय, गुडघा केव्हाही दगा देईल, आणि दगा देताना आतली गादी फाडून घेईल. मग फरशा बसवणं विसरा. पण ऑपरेशन झालं की त्याला परगावी थोरल्या भावाकडे राहावं लागणार होतं. त्याचं सगळं वहिनी करणार होती. आणि इथे, व्यायामाच्या खोलीत, दुपारी चारला ती यायची. एका पारड्यात गुडघा, दुसऱ्यात ती... असा हिशेब शहाण्यासुरत्यालाही कधी नीट मांडता आलाय?

ती भेटली जिन्याच्या पायथ्याशी. गुडघ्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद — जागा निवडणाऱ्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार. बाहेर रडका पाऊस. थांबतही नव्हता, जोरही धरत नव्हता. पहिल्या पायरीशी दोन काठ्या एकदमच टेकल्या.

"शर्यत लावायची?" ती म्हणाली.

"हरणाऱ्यानं काय द्यायचं?"

"गुडघा कसा गेला ते खरं सांगायचं."

तो हरला. मुद्दाम हरलो, असं तो अजूनही म्हणतो.

"स्वतःच बसवलेल्या फरशीवरून घसरलो."

ती इतकी हसली की काठी हातातून सुटली. "मला व्हॉलीबॉलनं घालवलं," ती म्हणाली. "उडी झकास होती हो... उतरणं चुकलं."

त्या दिवसापासून तो 'फरशी' आणि ती 'उडी'. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी एकालाही सांगता यायचं नाही.

व्यायाम घेणाऱ्या ताई प्लास्टिकचा गुडघा हातात धरून समजावायच्या. लिगामेंटची तुटलेली दोरी नुसती शिवून सहसा टिकत नाही, आपल्याच अंगातली दुसरी काढून तिच्या जागी घालायची. कुठली, एवढाच प्रश्न. गुडघ्याच्या वाटीखालची घट्ट धरते, उड्या मारणाऱ्यांना ती बरी. पण पुढे गुडघा जमिनीला टेकला की दुखतं. मांडीच्या मागची घेतली तर टेकायला त्रास कमी, पण थोडी सैल पडायची भीती. तिसरा रस्ता, न कापता नुसता व्यायाम. चालणं-फिरणं होईल; उड्या विसरायच्या.

"ताई, वाटीखालचीत जरा फिका रंग दाखवा ना," उडी म्हणाली.

"दाखवते. पण एकदा घातलेला माल परत घेत नाही हं."

फरशी हसला. तिच्याकडे बघत हसला, आणि ताईंनी प्लास्टिकचा गुडघा त्याच्यासमोर आपटला. "तुझं काय ठरलं? डॉक्टर रोज विचारतात मला."

"बघतोय..."

काय बघत होता, ते ताईंनाही दिसत होतं.

मग पावसानं मुक्कामच ठोकला. खोलीत ओल्या मोज्यांचा वास, खिडक्यांवर वाफ. दूरच्या शहरातला एक संघ उडीची वाट बघायला तयार होता, गुडघा धड झाला तर. तिच्या आईचं म्हणणं वेगळं: कापाकापी नको, शाळेतली नोकरी चालून आलीय, मुकाट्यानं घे.

एके दिवशी पट्टा ताणता ताणता ती थांबली.

"मी ठरवलं. नुसता व्यायाम. इथेच राहते, मुलींना खेळ शिकवते. ठीक आहे ना?"

प्रश्न गुडघ्याचा नव्हता. तो नुसता "हो" म्हणाला असता तर त्याचं घर भरलं असतं.

"आमच्यात फरशी बसवली की थापीच्या मुठीनं ठोकून बघतात," तो म्हणाला. "खाली पोकळी असली की वाजते. दिसायला मात्र शेजारणीसारखीच."

"मग?"

"तुझं 'ठीक आहे' वाजलं."

ती खिडकीवरच्या वाफेत बोटानं रेघा मारत राहिली. "आणि पोकळ निघाली तर काय करता?"

"ओली आहे तोवर उचलतो. नंतर पाय पडला की फुटते." त्यानं आपला पट्टा गुंडाळून ठेवला. "वाटीखालची घे. आणि जा."

"जा म्हणतोस?"

"म्हणतोय ना."

तिनं घेतली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा व्यायामाला आली, तेव्हा जिना उतरताना त्यानं तिचा दंड धरला होता. वळणावर त्याचाच गुडघा सटकला. आत काहीतरी कट्कन वाजलं. एका हातानं त्यानं कठडा पकडला, दुसऱ्या हातातला तिचा दंड सोडला नाही.

"काय झालं रे?"

"काही नाही. वजन वाढलंय तुझं."

तिनं त्याला काठी मारली. जिन्यात उभी राहून दोघं हसली. तो जरा जास्तच हसला.

पुढच्या आठवड्यात त्यानं सांगितलं, परगावी मोठं काम मिळालंय. फोनवर तो तिला दगडी फरशांची वर्णनं ऐकवायचा, भावाच्या घरी ऑपरेशन झालेला पाय उशीवर ठेवून. गुडघ्यातल्या गादीचा फाटका भाग डॉक्टरांनी काढून टाकला होता. "जमिनीवर गुडघे टेकून बसायचं काम आता बंद," ते म्हणाले होते. तिला त्यानं एवढंच कळवलं, "हल्ली भिंतींच्या टाइल्स लावतो. उभ्यानं होतं."

"म्हातारा झालास!" ती म्हणाली होती.

ती जायच्या दिवशी तो आला. बसथांब्यावर तोच रडका पाऊस. तिच्या खांद्यावर जड पिशवी, आणि बुटाची नाडी सुटलेली.

"थांब, बांधतो." सवयीनं तो खाली बसायला गेला... आणि अर्ध्यातच अडकला. थांब्याचा खांब धरून तसाच वाकलेला, चेहरा पांढराफटक.

तिनं त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"जिन्यात?"

त्यानं मान हलवली.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

"आणि त्याच्या आधी? ऑपरेशन का लांबवत बसलास, गाढवा?"

"भावाकडे जावं लागलं असतं." तो कसाबसा सरळ झाला. "तू... चारला यायचीस."

बस आली. चालकानं भोंगा दिला. उडीनं पिशवी खाली ठेवली. पाय उचलला आणि बाकावर, त्याच्या हाताच्या उंचीला ठेवला.

"घे. भिंत समज."

त्यानं नाडी बांधली. सावकाश, दुहेरी गाठ मारून.

"केवढी घट्ट!"

"उडी मारताना सुटायला नको."

बस गेली. आता हिशेब बघा. तिला उड्या मिळाल्या, गुडघा टेकणं गेलं. आईची मुलगी लांब गेली. तो फरशांना मुकला. आणि ज्या एका फायद्यापायी त्यानं गुडघा घालवला, त्या फायद्याला त्यानं स्वतःच बसमध्ये बसवून दिलं — तेही नाडी घट्ट बांधून.